मुरमाचा उतार

सायकल मला आठव्या-नवव्या वर्षापासून येत होती. मंठाळजवळच्या आमच्या गावातून बसवकल्याणच्या हायस्कुलात मी सायकलवरच जायचो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डात गच्च बसायचा आणि सायकल खांद्यावर घेऊन ओढा पार करावा लागायचा. त्यामुळे सायकलवर मला जाता येत नाही असा रस्ता नाही, अशी माझी समजूत होती. चोविसाव्या वर्षी नोकरी लागली आणि ती समजूत गेली.

मी मॅट्रिक झालो मराठीतून. आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हा मी लहान होतो. घरात मराठी, बाजारात दखनी आणि कचेरीत कन्नड, असं आमचं तीन भाषांचं जगणं होतं. बोलायला कन्नड यायचं, पण लिहायला हात चालायचा नाही. मास्तरकीसाठी कन्नडची परीक्षा होती, तिला मी दोनदा बसलो आणि दोनदा नापास झालो. वडील म्हणाले, "मास्तर न्हाई तर न्हाई, सरकारी काही तरी बघ." तेव्हा हिवतापाच्या कामावर माणसं घेत होते. स्वतःची सायकल पाहिजे एवढीच मोठी अट होती. आदल्याच वर्षी माझं लग्न झालं होतं. बायकोला आई-वडिलांजवळ ठेवून मी चिंचोळीच्या बाजूला, जंगलाच्या पायथ्याच्या एका गावात खोली घेऊन राहिलो.

काम सांगायला सोपं होतं. वाटून दिलेल्या गावांतल्या प्रत्येक घरी पंधरा दिवसांतून एकदा जायचं. कुणाला ताप आहे का, येऊन गेला का, विचारायचं. असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि काचा तपासायला तालुक्याला पाठवायच्या. घराच्या भिंतीवर खात्यानं रंगानं चौकटी छापलेल्या असायच्या. आल्याची तारीख आणि सही त्या चौकटीत करायची. गावोगाव लोक आम्हाला गोळीवाला म्हणत.

माझ्याकडे अकरा गावं होती. त्यातली दहा पायथ्याला. अकरावा होता लमाणांचा तांडा, वर पठारावर, जंगलाच्या आत. त्या टेकड्यांना नकाशात डोंगर म्हणतात की नाही मला ठाऊक नाही. सायकल घेऊन चढणाऱ्याला तो डोंगरच होता. फॉरेस्टवाल्यांनी लाकडाच्या ट्रकसाठी सागाच्या आणि धावड्याच्या झाडीतून चार मैलांचा रस्ता काढला होता. लाल मुरूम टाकलेला आणि वर खडी. तिच्यावर रोलर कधी फिरलाच नव्हता. ट्रकची चाकं गेली तिथं दोन पट्टे दबलेले, मधे आणि कडेला सुटे दगड, आणि सात वळणं. पावसाचं पाणी वाहून गेलं की दबलेले पट्टेही उखडायचे.

माझ्या आधी तिथं काम केलेला एक थोराड माणूस होता. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली, दाढी मेंदीनं रंगवलेली. मी त्याला चाचा म्हणायचो. पहिल्या फेरीला तो बरोबर आला. चढाला लागताच मी सवयीनं पॅडलवर उभा राहिलो, तसं मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि मी कडेच्या झुडपात गेलो.

"उठना नक्को," चाचा म्हणाला. "बैठ के मार पॅडल. तेरा वजन पिछले चाक पे होना."

मग त्यानं माझी सायकल आडवी पाडली आणि दोन्ही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. मी हां-हां म्हणेपर्यंत सोडलीसुद्धा.

"टाईट चाक खडी पे नाचता," तो म्हणाला. "नरम चाक पकडता."

खरंच पकडत होतं. तिसऱ्या वळणापर्यंत बसून गेलो, पुढं हातात धरून. वरचं काम संपवून उतरताना त्यानं मला पुढं घातलं आणि मागून ओरडत राहिला. सीटवरून थोडं उठायचं. गुडघे सैल ठेवायचे. वळणाच्या आधी मागचा ब्रेक दाबून वेग मारायचा, वळणात दोन्ही ब्रेक सोडायचे. पुढच्या ब्रेकला वळणात हात लावायचा नाही. आणि पायापुढचा दगड बघायचा नाही, लांब बघायचं. "जिस पत्थर को देखेगा, उसी पे जाएगा तू," असं तो दहा वेळा तरी म्हणाला असेल.

त्या पहिल्या वर्षात मी तो उतार शिकलो. खोटं कशाला सांगू, मी त्या उताराच्या प्रेमात पडलो होतो. पंधरा दिवसांनी येणारा एक शुक्रवार तांड्याचा, त्याची वाट बघायचो. वरून सुटलं की सागाची पानं अंगावर आल्यासारखी वाटायची, माकडं ओरडत झाडावर पळायची, हँडलची थरथर कोपरापर्यंत चढायची. खाली येईपर्यंत दातांवर लाल धूळ बसलेली असायची. दहा सपाट गावांत मी नोकरी करायचो. तांड्याला मात्र मी हौसेनं जायचो.

तांड्याचं पहिलं घर एका जोडप्याचं होतं. बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायचो. तिचा नवरा फॉरेस्टच्या कामावर रोजानं जायचा, कमी बोलायचा. अक्का मात्र बोलायची. मराठी, दखनी, कन्नड, सगळं एकात एक मिसळून. माझ्यावर तिचा पहिल्यापासून संशय.

"दर पंधरा दिसाला रगत नेतोस. एवढं रगत जातंय कुठं?"

"तालुक्याला, अक्का. तपासतात."

"तपासून काय करतेत? परत तर कधी आणून देत न्हाईस."

सुई काढली की ती नवऱ्याचं बोट पुढं करायची. ताप तिला असला तरी. मग स्वतःच हसायची आणि मला लोटाभर ताक द्यायची. चढून आलेला असल्यामुळे मी ते एका दमात प्यायचो.

भिंतीवर मी तारीख लिहायचो ते ती बघत राहायची. एकदा म्हणाली, "तू लिवतोस तर मी बी लिवते." चुलीतला कोळसा घेऊन तिनं माझ्या चौकटीशेजारी एक उभी रेघ ओढली. पुढच्या फेरीला दुसरी. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माझ्या प्रत्येक येण्याची एक रेघ ती ओढायची. मला त्याची मजा वाटायची.

दुसऱ्या वर्षी, राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्याच सुमाराला, भाद्रपदात मी पडलो. आदल्या दिवशी ट्रकनं चौथ्या वळणावर नवी खडी ओतली होती. वर जाताना मी ती बघितली होती, तरी उतरताना विसरलो. वळणात शिरलो आणि समोर तो निळसर ढीग दिसला. नजर त्याच्यावरच खिळली. हातानं आपोआप पुढचा ब्रेक दाबला.

मागचं चाक उचललेलं मला आठवतं, पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी रस्त्याच्या खाली, एका धावड्याच्या बुंध्याशी होतो. डाव्या तळहातात खडी रुतलेली, गाल सोललेला, मनगट सुजायला लागलेलं. काचांची लाकडी पेटी फुटून तांड्यातल्या माणसांचं त्या दिवशीचं रक्त मुरमात विखुरलं होतं. जंगलात आवाज नव्हता. आपण इथं पडून राहिलो तर उद्याच्या ट्रकपर्यंत कुणाला कळणार नाही, हे मला तेव्हा फार स्पष्ट कळलं. सायकलचं हँडल वाकलं होतं. ती ढकलत मी खाली आलो.

मनगट तीन आठवडे बांधलेलं होतं. कचेरीत मी सांगितलं की ओढ्यात पाय घसरला. चाचाला खरं सांगायची लाज वाटली. इतकं शिकवून मी नेमका तोच ब्रेक दाबला होता.

हात सुटल्यावर पहिल्या शुक्रवारी तांड्यावर गेलो. चढ नेहमीसारखा चढलो. अक्कानं गालावरचा डाग बघून, "बायकोनं मारलं का?" विचारलं. ती पोटुशी होती, पाचवा-सहावा महिना असेल. लग्नाला सात वर्षं होऊन पहिल्यांदाच. काम संपवून मी उताराच्या तोंडाशी आलो, सायकलवर टांग टाकली आणि हातांना घाम सुटला. इतका, की हँडलवरून तळवे निसटत होते. खाली उतरलो, हात पुसले, परत बसलो. परत तेच. शेवटी चारही मैल सायकल धरून पायी उतरलो. भरलेली सायकल उतारावर ओढते, टाचा खडीवर सरकतात. पायथ्याला आलो तेव्हा तालुक्याला काचा नेणारी चारची बस निघून गेली होती.

पुढच्या फेरीच्या शुक्रवारी मी चढाच्या तोंडापर्यंत गेलो. तिथं एक मोरी होती, तिच्या कठड्यावर बसलो. ऊन चांगलं होतं. पाऊस थांबलेला, पळसाच्या पानांवर डास बसलेले दिसत होते. हिवतापाच्या कामावरच्या माणसाला त्या दिवसांत डास दिसल्यावर काय वाटलं पाहिजे, ते मला कळत होतं. तासभर बसलो. मग पिशवीतून घरोघरच्या नोंदीचा तक्ता काढला आणि तांड्यातल्या घरांपुढं एकेक करून लिहिलं, ताप नाही. ताप नाही. ताप नाही. काम झाल्यासारखा मी खोलीवर परतलो.

आज वाटतं, सायकल पायथ्याला ठेवून मी चालत का गेलो नाही? सकाळी लवकर निघून चालत वर-खाली करता आलं असतं. कुणी विचारलं असतं तर चाक बिघडलं म्हणून सांगता आलं असतं. मी तेव्हा असा विचारच केला नाही. त्या रस्त्याचं नाव काढलं की मी न जायला काही ना काही कारण काढायचो. पाऊस येईल. तांड्यावर तशी माणसं ठणठणीत आहेत. पुढच्या खेपेला दोन्ही तारखा लिहू. आणि झालंही तसंच. मधे एकदा एका ट्रकमधून वर गेलो, घाईघाईत दोन-दोन तारखा चौकटीत भरल्या आणि त्याच ट्रकनं उतरलो. अक्का त्या दिवशी पाणी आणायला गेली होती. तिनं मागाहून रेघ ओढली असणार. एकच.

मग परत तीन फेऱ्या मी मोरीवर बसून भरल्या.

दिवाळी होऊन दीड-एक महिना झाल्यावर मला राहवेना. ट्रक मिळेना, म्हणून सायकल घेऊनच निघालो. तांडा गप्प होता. ऊसतोडीला निम्म्याहून जास्त माणसं गेली होती, म्हातारी आणि चार-दोन बाया तेवढ्या मागं. अक्काचा नवरा दारात उकिडवा बसला होता. मला बघून उठला नाही.

"अण्णा, कसं हाय?" मी विचारलं.

"आत बघ."

अक्का बाजेवर पडली होती. मी तिला ओळखलं ते डोळ्यांवरून. अंग हळदीसारखं पिवळं, ओठ फुटलेले. पोट सपाट होतं. ते माझ्या लक्षात उशिरा आलं.

नवरा दारातूनच बोलला, माझ्याकडं न बघता. "एकाआड एक दिस थंडी वाजायची. म्हनलं खाली नेतो दवाखान्याला. न्हाई म्हनाली. शुक्करवारी गोळीवाला येतोय म्हनाली. तू आला न्हाईस. म्हनली, सायकल बिघडली असंल, पुढल्या शुक्करवारी येतोय. पुढल्या बी आला न्हाईस. पोर मेलेलं आलं. आठ दिस झाले."

मी गोळ्या काढल्या, बोटाला सुई लावली. ह्या वेळी तिनं स्वतःचंच बोट दिलं. अंग भट्टीसारखं तापलेलं होतं. तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं आणि बाज उचलायला चार माणसं तांड्यात नव्हती. ट्रक त्या दिवशी येणार नव्हता.

"सायकलवर नेऊ," मी म्हणालो.

घोंगडी घडी करून कॅरिअरवर बांधली. अक्काला बसवलं आणि तिच्या कमरेला लुगड्याची पट्टी बांधून ती सीटला आवळली. कॅरिअरला मागून दोर बांधला. मी पुढं हँडल धरून चालायचं, नवऱ्यानं मागून दोर ताणून धरायचा, म्हणजे सायकल उतारावर सुटायची नाही. असे आम्ही निघालो.

चार मैल उतरायला तीन तास लागले असतील. एक पाय पुढं रोवायचा, टाच खडीत पक्की झाली की दुसरा उचलायचा. ब्रेकचे गुटके तापून रबराचा वास येत होता. मागं नवऱ्याच्या चपला दर दहा पावलांना सरकायच्या, दोर ढिला व्हायचा आणि सगळं वजन एकदम माझ्या मनगटांवर यायचं. डावं मनगट ठणकायला लागलं. पुढं कललेल्या अक्काचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं, त्याची उष्णता सदऱ्यातून लागत होती. दोनदा तिला उलटी झाली. मधे नवऱ्यानं हाक मारून थांबवलं, कारण त्याच्या तळहाताची साल दोरानं निघाली होती. त्यानं पटका सोडून हाताला गुंडाळला आणि परत दोर धरला.

चौथ्या वळणाशी आलो तेव्हा माझे पाय थांबले. खडी आता पसरून दबली होती, ढीग नव्हता. तरी पाऊल उचलेना.

पाठीमागून बारीक आवाज आला. "घाबरायलास का, भाऊ?"

तिला दिसत असावं, माझी मान कशी ताठ झाली ते.

"व्हय, अक्का," मी म्हणालो. ती पहिली व्यक्ती, जिच्याजवळ मी हे कबूल केलं. दुसरं काही कबूल करायला तोंड उघडलं नाही.

"हळू चल," ती म्हणाली. "हळूच जायचं की."

पायथ्याला आल्यावर एक खडीचाच ट्रक मिळाला. त्यातून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पंधरा-वीस दिवस ती तिथं होती. वाचली. मी दर दोन दिवसांनी सायकलनं जायचो, बाहेरच्या कट्ट्यावर बसायचो, नवऱ्याला विचारून परत यायचो. आत गेलो नाही.

तिच्या रक्तात हिवताप सापडला. महिनोन् महिने ताप नाही म्हणून लिहून येणाऱ्या तांड्यात एकदम हा निकाल, म्हणून वरचे साहेब तपासायला आले. जीपमध्ये पुढं साहेब, मागं मी. साहेब वाईट नव्हते. रस्त्याभर म्हणत होते, "इथं तू सायकल आणतोस? कमाल आहे."

अक्का घरी येऊन चार-पाच दिवसच झाले होते. दारात भिंतीला टेकून बसली होती. साहेबांनी चौकटीतल्या तारखा वाचल्या, माझ्या तक्त्याशी ताडून बघितल्या. सगळ्या जुळल्या, कारण मोरीवर बसून भरलेल्या तारखा मी अक्का दवाखान्यात असताना वर येऊन चौकटीत भरून टाकल्या होत्या. मग त्यांची नजर शेजारच्या कोळशाच्या रेघांवर गेली. त्यांनी बोट लावून रेघा मोजल्या, मग तारखा मोजल्या.

"ह्या रेघा कशाच्या?"

अक्कानं वर बघितलं. माझ्याकडं नाही, साहेबांकडं. "शेजारची पोरं खेळतेत साहेब. भिंत घाण करून ठेवलीय."

"हा माणूस दर पंधरा दिवसाला येतो का?"

"येतोय की."

नवरा अंगणात मातीकडं बघत उभा होता. साहेबांनी त्यालाही विचारलं. त्यानं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मला आजपर्यंत सांगता येणार नाही. साहेबांनी होय धरलं आणि लिहून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो. सायकल धरून चढलो. दारात उभा राहून म्हणालो, "अक्का, तू खरं कामून सांगितलं न्हाईस?"

ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबवलं नाही. "तुला काढलं असतं."

"मग काढू द्यायचं होतंस."

"आन् दुसरा कोण आला असता वर?" ती म्हणाली. "तुझ्या आधीचा म्हातारा पावसाळ्यात कधी दिसला न्हाई. तू निदान एक वर्स आलास. आता तर तुला यावंच लागतंय."

मी माफी मागायला गेलो होतो. वाक्य ठरवून गेलो होतो. ते तोंडातच राहिलं. तिनं बोट पुढं केलं, मी रक्त घेतलं, तारीख लिहिली. ती उठली, चुलीतला कोळसा आणला आणि माझ्यादेखत रेघ ओढली. ताक दिलं नाही. त्यानंतर कधीच दिलं नाही, आणि मीही कधी पाणीसुद्धा मागितलं नाही.

चाचाला मी सगळं सांगितलं. मोरी, तक्ता, पोर. तो त्याच्या खोलीत सायकलची चेन रॉकेलात धूत बसला होता. चेन उलटून दुसऱ्या बाजूनं घासली. मग म्हणाला, "मैं भी भरता था. बारिश में कौन जाता ऊपर? सब भरते." चेन फडक्यावर ठेवून त्यानं हात पुसले. "मेरे टाइम पे कुछ हुआ नहीं. हुआ होगा तो मेरे को मालूम नहीं."

तो मला धीर द्यायला म्हणाला असेल. मला त्यानं धीर आला नाही. त्या रात्रीपासून मला पायथ्याच्या दहा गावांतलीही घरं आठवू लागली, जिथं मी दारातूनच हाक मारून पुढं गेलो होतो.

पण चाचा दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन माझ्या दारात आला. दम्यानं त्याला चढ झेपत नव्हता, तरी माझ्याबरोबर वर आला, दर वळणाला बसत. उतरताना तो पुढं आणि मी मागं. "मेरा पीठ देख," म्हणाला, "रास्ता मत देख." त्याच्या घामानं भिजलेल्या खाकी सदऱ्याकडं बघत मी पहिली तीन वळणं उतरलो. चौथ्याला उतरून चाललो. पुढच्या खेपेला चौथंही उतरलो. महिन्या-दोन महिन्यांत हातांचा घाम गेला. पुन्हा मी तो रस्ता सायकलवरच करू लागलो. पहिल्या वर्षाचा तो आनंद मात्र परत आला नाही. खाली आल्यावर सुटलो, एवढंच वाटायचं.

त्यानंतर बारा वर्षं मी त्या तांड्यावर गेलो. एकही फेरी चुकवली नाही. ताप असला तरी गेलो, वडील वारले तेव्हा दहावा करून दुसऱ्या दिवशी गेलो. दोन सायकली झिजल्या. कचेरीत माझं नाव झालं, पावसाळ्यातही डोंगरावर जाणारा माणूस म्हणून एकदा बैठकीत सगळ्यांसमोर उभं करून कौतुक केलं. मी उभा राहिलो आणि खाली बसलो. अक्काला पुढं मूल झालं नाही. बोलायची ती कामापुरती. नवरा एका पावसाळ्यात झाडाखाली सापडून अधू झाला, तेव्हा त्याच्या पायाच्या पट्ट्या मी बदलायचो. तेव्हाही तो माझ्याकडं बघायचा नाही. मग माझी बदली बसवकल्याणला झाली आणि मी घरी आलो.

हे सगळं मी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं ते थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा. तिला सातवा लागला होता आणि एका दुपारी अंग तापलं. साधाच ताप होता. पण मी दोन तासांत तीनदा तिचं बोट टोचलं, गोळ्यांची पाकिटं काढून मांडली, रिक्षा आणायला धावलो, परत आलो.

बायको म्हणाली, "सर्दीचा ताप हाय तिला. तुम्ही एवढं कामून घाबरायलाव?"

मी अंगणात तिच्याजवळ बसलो आणि सांगितलं. पहिल्यापासून. ती तूर निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण ती ऐकत होती. मला वाटलं होतं, ती रागवेल, किंवा म्हणेल की झालं गेलं, तुम्ही पुढं बारा वर्षं केलं की. दोन्हीपैकी काही म्हणाली नाही. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "त्या बाईचं पोर, मुलगा होता का मुलगी?"

मला माहीत नव्हतं.

"विचारलं न्हाईत?"

"न्हाई."

"पुरलं कुठं ते तरी?"

तेही मला माहीत नव्हतं. बारा वर्षं दर पंधरा दिवसाला मी त्या दारात उभा राहिलो होतो. ताप आहे का, थंडी वाजते का, उलटी होते का, हे विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं.

बायको सूप घेऊन उठली आणि मुलीला पाणी द्यायला आत गेली. संध्याकाळपर्यंत मुलीचा ताप उतरला. दोन महिन्यांनी ती नीट बाळंत झाली.

आता त्या बाजूला डांबरी रस्ता झाला आहे म्हणतात. बसवकल्याणहून सकाळची बस आहे, एका ठिकाणी बदलावी लागते. स्टँडवर जाऊन मी वेळ विचारून आलो आहे, दोनदा. अक्का तिथं आहे की नाही, कळलेलं नाही. मी अजून गेलेलो नाही.